टाके, सुया आणि उसवण : एका आजींच्या विणकामातून आमचा चौथीचा वर्ग



कार्यानुभवाच्या तासाला आपण साधारण काय घेतो? कागदी फुलं, राख्या, आकाशकंदील, पणत्या रंगवणं. मुलं रमतात, वर्ग सजतो, फोटोही छान येतात. पण या वस्तू एका-दोन तासांत तयार होतात आणि विषय तिथेच संपतो. तीन-चार महिने चालणारं, मध्येच बिघडणारं आणि पुन्हा दुरुस्त करावं लागणारं काम प्राथमिकच्या मुलांच्या हातात सहसा येत नाही. म्हणून यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही चौथीला लोकरीचं विणकाम घेतलं. वर्गात मुलं १९. त्यात मुलगे ११ आणि मुली ८. शिकवणाऱ्या मात्र आमच्याच वर्गातल्या एका मुलाच्या आजी. मी पण मुलांबरोबर सुया घेऊन सतरंजीवर बसतो.

आमची शाळा निफाडच्या बाजूला, द्राक्षांच्या पट्ट्यात. थंडीत इथे पारा इतका खाली येतो की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या करतात. डिसेंबरात सगळा वर्ग स्वेटर आणि कानटोप्यांत गुंडाळून येतो. त्यामुळे "लोकरीचे कपडे" हा विषय मुलांना समजावून सांगावा लागला नाही. फक्त ते कपडे विकतचे. हाताने विणलेला स्वेटर वर्गात एकाच मुलाच्या अंगावर होता, तो या आजींच्या नातवाच्या.

आजी शाळेत असताना शिवणाच्या तासाला विणायला शिकल्या आणि तेव्हापासून विणतायत. धंदा म्हणून नाही, आवड म्हणून. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या कापडी पिशवी घेऊन येतात. पहिल्या दिवशी मुलांनी ती पिशवीच आधी रिकामी करून घेतली. त्यात सुयांवर चढवलेली तीन कामं निघाली. एक, भाचीच्या बाळासाठी बाळंतविडा: पिवळं टोपडं झालेलं, मोज्यांपैकी एकच झालेला, जाकीट अर्धं. दुसरं, नातवाचा नवा स्वेटर, गळ्यापर्यंत आलेला. तिसरं, राखाडी रंगाचं, मोठ्या माणसाचं बिनबाह्यांचं स्वेटर, छातीपर्यंत विणून थांबलेलं. शिवाय एक जुनी डायरी. "आजी, तुम्ही एक पूर्ण करून मग दुसरं का नाही घेत?" असं एका मुलीने विचारलं. आजी म्हणाल्या, "बाळ काय माझा स्वेटर संपायची वाट बघत थांबतंय होय?"

आता डायरीबद्दल, कारण शिक्षक म्हणून मला सगळ्यात जास्त काही तिथेच सापडलं.

आजी प्रत्येक कपड्याची नोंद ठेवतात. कोणासाठी, छातीचं माप, सुईचा नंबर, किती टाके घातले, बॉर्डर किती, मुंढ्याला किती टाके कमी केले आणि शेवटी "झाला" किंवा "उसवला". उसवलेल्या कामाची नोंदही तितकीच नीट, कारणासकट. मुलांना आधी सुयांच्या नंबरांचंच नवल वाटलं. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाड, १० नंबरची सव्वातीन आणि १२ नंबरची पावणेतीन. म्हणजे नंबर वाढला की सुई बारीक! आम्ही त्याच आठवड्यात अपूर्णांक घेत होतो. छेद वाढला की भाग लहान होतो, हे तोवर पाठ म्हटलं जात होतं. सुया हातात आल्यावर एक मुलगा आपण होऊन म्हणाला, "सर, हे एक अष्टमांशासारखं आहे." तंतोतंत तसं नाही, सुईच्या नंबराचा आणि छेदाचा थेट संबंध नाही. पण मोठा आकडा म्हणजे मोठी वस्तू असं धरून चालायचं नाही, एवढं त्याच्या नीट लक्षात आलं होतं.

मग आम्ही डायरीतला एक स्वेटर फळ्यावर घेतला. नातवाची छाती ६४ सेंटिमीटर. अंगाला घट्ट बसू नये म्हणून ६ सेंटिमीटर सैल. एकूण ७०. पुढचा भाग ३५, मागचा ३५. आता टाके किती घालायचे? आजी आधी एक छोटा तुकडा विणून बघतात आणि पट्टी ठेवून टाके मोजतात. त्या लोकरीचे ८ नंबरच्या सुईवर ५ सेंटिमीटरला ११ टाके बसत होते. ३५ मध्ये ५ किती वेळा? ७ वेळा. सात अकरे सत्त्याहत्तर. डायरीत ७७ हाच आकडा लिहिलेला सापडला तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या. (शिवणीसाठी दोन्ही कडांना एकेक टाका जास्त घेतात, तो आम्ही इथे धरला नाही.) ७७ विषम आहे, त्याचाही फायदा आहे. बॉर्डर "एक सुलट एक उलट" असते. विषम टाके घेतले की ओळ सुलट टाक्याने सुरू होऊन सुलटानेच संपते आणि दोन्ही कडा सारख्या दिसतात. सम-विषम संख्यांना इतकं चांगलं उदाहरण मला पुस्तकात मिळालं नव्हतं.

त्याच्या पुढचं पान मात्र फसलेल्या कामाचं होतं. नातवाच्याच मापाचा त्याचा एक आतेभाऊ आहे. त्याच्यासाठी आजींनी तेच आकडे घेतले, ७७ टाके, ८ नंबरची सुई. फक्त लोकर वेगळी, जाड. आणि नमुन्याचा तुकडा विणला नाही, कारण "आकडे तर तयारच होते". जाड लोकरीचे ५ सेंटिमीटरला ९ च टाके बसतात. मुलांनी भागाकार केला: ७७ भागिले ९, भागाकार ८, बाकी ५. म्हणजे ५-५ सेंटिमीटरचे ८ पूर्ण भाग, ४० सेंटिमीटर, आणि उरलेल्या ५ टाक्यांचे जवळजवळ ३. एक भाग ४३ च्या आसपास, दोन्ही मिळून साधारण ८५. हवे होते ७०! सुयांवर काम असताना ते चुण्या पडून गोळा झालेलं असतं, म्हणून रुंदी डोळ्यांना कळत नाही. शिवून झाल्यावर कळलं. तो स्वेटर आतेभावाऐवजी त्याच्या दहावीतल्या ताईला गेला आणि तिला तो आवडला. बाकी ५ चं काय करायचं, हा प्रश्न भागाकारात मुलं नेहमी टाळतात. इथे ती बाकी म्हणजे ३ सेंटिमीटर कापड होतं.

लोकरीच्या लॉटचा किस्साही डायरीत आहे. लोकर कमी पडली, महिन्याभराने त्याच रंगाचे दोन गुंडे आणले, पण रंगाचा लॉट वेगळा निघाला. दुकानातल्या दिव्यात सारखा दिसणारा मरून उन्हात वेगळा दिसला. एक बाही गडद झाली. आजींनी दोन्ही बाह्या उसवल्या आणि दोन्ही गुंड्यांतून आळीपाळीने दोन-दोन ओळी विणून बारीक पट्टे काढले. आता तो स्वेटर बघणारे विचारतात, ही डिझाईन कुठून घेतली?

दोन डाव्या बाजू

बाळंतविड्यातलं जाकीट पुढून उघडं असतं, म्हणजे पुढचे भाग दोन, डावा आणि उजवा. गप्पा मारता मारता आजींनी दोन्ही डावेच विणले. हे वर्गात, आमच्यासमोर लक्षात आलं. मुलं हसली, आजी पण हसल्या. मग त्यांनी दोन्ही तुकडे मुलांपुढे टाकले आणि म्हणाल्या, "उसवायचं का नाही, सांगा बरं."

मी मुलांना कागदाचे दोन सारखे आकार कापायला लावले. एका बाजूला रंग, दुसरी बाजू कोरी. दोन्ही डावे. एक पालथा घातला की तो उजवा होतो, पण कोरी बाजू वर येते. म्हणजे उत्तर कापडाच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत की नाहीत यावर ठरणार. इथे विणकामाची थोडी माहिती लागते. टाके मुळात दोनच, सुलट आणि उलट, आणि तेही खरं तर एकाच टाक्याची दोन तोंडं. पुढून जो सुलट दिसतो तोच मागून उलट. सुलट टाका इंग्रजी व्हीसारखा दिसतो, उलट टाका आडव्या दाण्यासारखा. एक सुई सुलट, एक सुई उलट असं विणलं (विणणारे लोक एका ओळीला "एक सुई" म्हणतात) तर पुढून सगळे व्ही आणि मागून सगळे दाणे. असा तुकडा पालथा घालून चालत नाही. पण सगळ्याच सुया सुलट विणल्या तर दोन्ही बाजूंना सारख्याच आडव्या धारा येतात. आजींचं जाकीट सगळ्या सुया सुलट असं होतं. मुलांनी तुकडे उलटून-पालटून, खिडकीपाशी नेऊन तपासले आणि निकाल दिला: उसवायची गरज नाही, एक पालथा घाला.

आरशातली प्रतिमा आणि सममिती हा पाठ आपण दरवर्षी फुलपाखराच्या चित्रावर घेतो. यंदा तो जाकिटावर झाला.

मुलांचं स्वतःचं काम याहून साधं आहे. प्रत्येकाने एक चौकोन विणायचा, सगळ्या सुया सुलट. २० टाके, ४० सुया. अशा विणीत टाक्याची रुंदी ही ओळीच्या उंचीच्या साधारण दुप्पट पडते, म्हणून टाक्यांच्या दुप्पट ओळी घेतल्या की चौरस होतो. पट्टी नसली तर कोपऱ्यावर कोपरा ठेवून घडी घालायची, त्रिकोण बरोबर जुळला की झाला चौरस. एका चौकोनात २० गुणिले ४० म्हणजे ८०० टाके. असे २४ चौकोन जोडून अंगणवाडीतल्या बाळांसाठी पांघरूण करायचं ठरलं. टाके एकूण १९,२००. हा गुणाकार करून झाल्यावर वर्ग क्षणभर गप्प झाला होता. सुया मुलांनी बांबूच्या काड्या पॉलिश पेपरने घासून केल्या. टोकं बोथट ठेवली, मागच्या टोकाला मोठा मणी चिकटवला.

सुरुवातीला सगळ्यांचंच बिघडलं. २० टाक्यांचे २६ झाले, चौकोनाचा पतंग झाला. आजींनी कारण दाखवलं. ओळीचा पहिला टाका विणताना लोकर सुईवरून मागे ओढली गेली की तो एकच टाका दोनासारखा दिसतो. मूल प्रामाणिकपणे दोन्ही विणतं आणि एक टाका वाढतो. टाके सुटलेही. सुटलेला टाका सुईवरून घसरून खाली खाली पळतो आणि मागे आडव्या धाग्यांची शिडी राहते. क्रोशाची सुई घालून शिडीची एकेक पायरी वर ओढली की टाका परत सुईवर येतो. हे पहिल्यांदा बघताना मुलांचे डोळे जादू बघितल्यासारखे झाले होते.

"कुठपर्यंत बरोबर आहे?"

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे. हुशार आहे, पण उत्तराची खात्री नसेल तर वहीत काहीच लिहीत नाही. लिहिलं तर खोडते, पुन्हा लिहिते, पुन्हा खोडते, कागद फाटेपर्यंत. चाचणीत तिचे प्रश्न चुकत नाहीत, कोरे राहतात. विणकामातही तिने तेच केलं. चौकोन दप्तरात लपवला आणि "घरी राहिला" म्हणून सांगायला लागली. तिसऱ्या वेळी आजींनी तो मागून घेतला. सुईवर ३१ वी ओळ, टाके २२.

मला वाटलं होतं, आजी विचारतील काय चुकलं. त्यांनी विचारलं, "कुठपर्यंत बरोबर आहे?" आणि मुलीलाच खालून वर एकेक धार मोजायला लावली. बाराव्या ओळीपर्यंत २० च्या २० टाके होते. आजींनी दाभणात लाल दोरा ओवून त्या बाराव्या ओळीच्या सगळ्या टाक्यांतून घातला. "आता बिनधास्त उसव. या दोऱ्याच्या खाली काही जात नाही." मुलीने लोकर ओढली, १९ ओळी भराभर गेल्या आणि दोऱ्यापाशी थांबल्या. तिने २० टाके परत सुईवर घेतले आणि पुढे विणायला लागली. नंतर ती आपण होऊनच दर दहा ओळींना लाल दोरा घालू लागली.

उसवलेली लोकर कुरळी होते, मुलं तिला "मॅगी" म्हणतात. आजी तिची लड करून पाण्यातून काढतात आणि खाली थोडं वजन बांधून वाळत घालतात. बऱ्यापैकी सरळ होते, पुन्हा वापरता येते.

त्या दिवसापासून मी भागाकाराच्या वह्या तपासायची पद्धत बदलली. पूर्वी चुकलेल्या उदाहरणावर लाल फुली असायची. आता जिथपर्यंत पायऱ्या बरोबर आहेत तिथे हिरवी रेघ मारतो, बस्स. रेघेखालचं मुलाने पुन्हा करायचं, रेघेवरचं खोडायचं नाही. वेळ जास्त लागतो, हे खरं आहे. १९ वह्या आहेत म्हणून जमतं. ४५ मुलांच्या वर्गात रोज शक्य नाही, आठवड्यातून एकदा करून बघा. वह्या बघताना मला एक दिसलं. चुकलेल्या पुष्कळ उदाहरणांत पहिल्या दोन पायऱ्या बरोबर असतात आणि फुलीमुळे मुलाला त्या पण चुकल्याच वाटतात. ती मुलगी आता अर्धी उदाहरणं घेऊन येते. स्वतःच पेन्सिलीने रेघ मारलेली असते. "सर, इथपर्यंत नक्की."

एक पालक भेटायला आले होते. रागावलेले नव्हते, पण नाराज होते. "सर, पोराला शाळेत स्वेटर विणायला लावता? हे बायकांचं काम." मी त्यांना त्यांच्याच लहानपणची घोंगडी आठवायला सांगितली. ती सणगर समाजातले पुरुष मागावर विणत आलेत. मागावरचं आणि सुयांवरचं काम वेगळं, पण आपण दोन्हीला विणणंच म्हणतो. युरोपातही काही शतकांपूर्वी हाताने विणणाऱ्या कारागिरांच्या संघांत पुरुष असत आणि मोजे विणायचं पहिलं यंत्र १५८९ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम ली नावाच्या पुरुषाने केलं. मग त्यांच्या मुलाने बाबांच्या टी-शर्टाची बाही भिंगाखाली धरून त्यांना बारीक बारीक व्ही दाखवले. टी-शर्ट, बनियन, पायमोजे हे सगळं यंत्रावर विणलेले टाकेच आहेत, म्हणून ते ताणतात. शर्टाच्या कापडात उभे-आडवे धागे असतात, ते असे ताणत नाहीत. तिरुपूर आणि लुधियाना ही दोन शहरं याच धंद्यावर ओळखली जातात. पालक भिंगातून बराच वेळ बघत होते. पटलं की नाही ते बोलले नाहीत, पण मुलगा पुढच्या शुक्रवारी सुया घेऊन आला.

परिसर अभ्यासासाठी एक प्रयोग सुचवतो. तो शिक्षकांनीच करायचा, मोकळ्या जागेत, चिमट्यात धरून, शेजारी पाण्याची बादली ठेवून. दुकानात "लोकर" म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते, खनिज तेलापासून बनलेली. तिचा तुकडा जाळला तर वितळतो आणि कडक मणी होतो. मेंढीच्या लोकरीला जळलेल्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. घोंगडीचा एखादा धागा मिळाला तर उत्तम.

राखाडी स्वेटराचं सांगायचं राहिलं. मुलं पुन्हा पुन्हा विचारत होती, हा कधी होणार? एके दिवशी आजींनी सांगितलं की तो आजोबांचा होता आणि आजोबा वारले त्याला आता चार वर्षं झाली. एक मुलगा लगेच म्हणाला, "मग उसवा ना आजी, लोकर वापरता येईल." मी त्याला थांबवणार होतो, पण आजींनीच हाताने खूण केली. त्या म्हणाल्या, "लोकर नाही देत. सुया देते." वर्गात त्या आठवड्यात दोन बांबूच्या सुया मोडल्या होत्या. आजींनी दाभणात लाल दोरा ओवला, राखाडी स्वेटरातले सगळे टाके एकेक करून त्या दोऱ्यावर उतरवले, दोऱ्याला गाठ मारली आणि मोकळ्या झालेल्या सुया त्या मुलाच्या हातात दिल्या. स्वेटर घडी करून परत पिशवीत गेला. डायरीत त्या पानावर "झाला" नाही आणि "उसवला" पण नाही.

आज २४ पैकी १७ चौकोन तयार आहेत. सहाच्या चार ओळी, प्रत्येक चौकोन १० सेंटिमीटरचा, म्हणजे पांघरूण ६० बाय ४० चं होईल. एका मुलाचा चौकोन २२ टाक्यांचा झालाय, एका सेंटिमीटरने रुंद, आणि त्याला तो उसवायचा नाहीये. तो कोपऱ्यात बसवावा की मधोमध, यावर वर्गात दोन गट पडलेत. कोपऱ्यात ठेवला तर कड बाहेर येते, मधे ठेवला तर शेजारच्या चौकोनांना चुण्या पडतात. मुलांनी कागदाचे २४ तुकडे कापून दोन्ही प्रकारे मांडून बघायचं ठरवलंय. मंगळवारी आजी आल्या की निकाल.